उरलेला शब्द

चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, काळ्या कडेखाली बोटभर जागा सोडून, त्याने टोकदार पेन्सिलीने लिहिले : १/१०. उजव्या कोपऱ्यात सही केली. मग कागद दोन्ही हातांनी उचलून खिडकीजवळच्या दोरीला चिमट्याने अडकवला आणि हात धुवायला गेला. मंगळवारची सकाळ होती. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचे शटर वर ढकलत होते आणि ते अर्ध्यावर अडले होते.

छापाचित्रकाराच्या कामात यापेक्षा साधी गोष्ट नाही. लाकडाच्या एका ठोकळ्यावरून हवे तितके छाप निघू शकतात. म्हणून किती काढले आणि त्यांतला हा कितवा, हे खाली लिहून द्यायचे. तो त्या धंद्याने गिऱ्हाइकाला दिलेला शब्द. पस्तीस वर्षांत त्याने असे आकडे हजारोंनी लिहिले होते, आणि आकडे लिहिताना हात कधी थबकला नव्हता.

पोटापाण्यासाठी तो औषधांची खोकी, पुस्तकांची वेष्टने, जाहिरातींची पत्रके, तिकिटे आखत असे. माझी कला रोज संध्याकाळी कचऱ्याच्या पेटीत जाते, असे तो सांगे, आणि सांगताना त्याला वाईट वाटत नसे. स्वतःसाठी मात्र तो लाकूड कोरायचा. नासपतीचे घट्ट, तांबूस, गाठ नसलेले लाकूड. त्यावर कोरणी चालवली की बारीक कुरळे तुकडे निघून मांडीवर पडत. जे कोरून काढले ते कागदावर पांढरे उमटते, जे सोडून दिले ते काळे. त्याची सारी चित्रे अशी, सोडून दिलेल्याची होती.

या खेपेचे काम त्याला प्रार्थनागृहाच्या चिटणिसांनी सांगितले होते. गावात एके काळी तीनशे ज्यू होते. काही पांगले, काही गेले, काहींनी नावे बदलली. आता शनिवारच्या सकाळी जुन्या बाकांवर येऊन बसणारे पुरुष मोजके दहा उरले होते. आणि सामुदायिक प्रार्थनेला दहाच लागतात. नऊ पंडित जमले तरी ती होत नाही, दहा अडाणी जमले तर होते.

"आपण आहोत तोवर दहा जणांची चित्रं भिंतीवर लागू देत," चिटणीस म्हणाले होते. "नंतर कोणी विचारलं, इथे कोण बसायचं, तर निदान भिंत तरी सांगेल."

तेव्हा दहा माणसे, दहा ठोकळे, प्रत्येकाचा एकच छाप, आणि आकडा साऱ्या संचाचा. पहिला मान वडिलांचा. दहावा, रीतीप्रमाणे शेवटी, चित्रकार स्वतः.

तो काही श्रद्धाळू नव्हता. पण सात महिन्यांपूर्वी आई गेली होती, आणि आईमागे मुलाने अकरा महिने म्हणायची एक प्रार्थना असते. ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा जण हजर असले तरच म्हणायची, आणि ऐकणाऱ्यांनी 'आमेन' म्हणून ती उचलून धरायची. वडिलांनी त्याला दुसरे काही मागितले नव्हते. शनिवार एवढीच एक खुंटी त्यांच्या आठवड्याला उरली होती. गुरुवारी ते बुटांना पॉलिश करीत, शुक्रवारी दोनदा दाढी करीत, आणि रविवारपासून पुन्हा वाट बघायला लागत. ही खुंटी निखळली तर त्या माणसाला कशावर टांगून ठेवायचे, हे त्याला ठाऊक नव्हते.

आत्या खालच्या मजल्यावर राहायची. वडिलांची थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी, गुडघे शाबूत, जीभ त्याहून शाबूत. त्या मंगळवारी ती वर आली ती थेट दोरीपाशी जाऊन उभी राहिली.

"धाकटा छान उतरलाय रे. कपाळावरचा हट्ट तर अगदी आमच्या बापाचा." मग ती खाली वाकली. "आणि हे काय लिहिलंस?"

"नंबर आहे आत्या. दहातला पहिला. मानाचा."

"माणसाला नंबर घातलास?"

"चित्राला घातलाय."

"चित्र कोणाचं आहे?"

तो हसला. आत्या हसली नाही.

"आपल्यात माणसं मोजत नाहीत, कोरक्या. एवढं शिकलास, घरातलं तेवढं राहून गेलं."

"मग चिटणीस दर शनिवारी काय करतात? दहा झाले हे त्यांना स्वप्नात दिसतं?"

"ते ओळ म्हणतात. दहा शब्दांची ओळ आहे. एकेका माणसाकडे बघून एकेक शब्द. ओळ पुरी झाली की माणसं पुरी झाली. कोणी कोणाला मोजलं नाही."

"म्हणजे वळसा घालून मोजलंच की."

"वळसा घातला ना? मग झालं. विहिरीलाही आपण वळसाच घालतो." ती दाराकडे वळली. "सरळ मोजणारे आपल्याला पुष्कळ भेटले. त्यांनी काही लाड करायला मोजलं नव्हतं."

"तुझं बरं आहे आत्या. तुला कोणी मोजतच नाही."

"नाहीच मोजत. बाई ना मी! वर सज्जात बसून जन्मभर तुमची दहाची जुळवाजुळव बघतेय. म्हणून तर टिकले एवढी."

जिन्यात तिचे हसू ऐकू आले. काठीचा आवाज नव्हता. ती काठी वापरत नसे.

शनिवारी सगळे वेळेवर आले. प्रार्थनागृह थंड होते. उंच खिडक्यांतून येणारा उजेड बाकांपर्यंत पोहोचता पोहोचता राखाडी होऊन जाई. घड्याळजी, डॉक्टर, पाववाला, गणिताचे निवृत्त मास्तर, शिंपी आणि त्याचे दोघे भाऊ, सगळे आपापल्या जागी. चिटणिसांनी बोट कधी रोखले नाही. ते बंद पुस्तकाची कड हलकेच एकेकाकडे वळवीत आणि ओठांत ओळ म्हणत. शेवटी स्वतःच्या छातीला पुस्तक लावीत, तोच दहावा शब्द.

त्या दिवशी पुस्तक छातीला लागले आणि चिटणीस तोंड अर्धे उघडे ठेवून थांबले.

"कोण यायचंय?"

सगळ्यांनी इकडे-तिकडे पाहिले. कोणीच यायचे नव्हते. चिटणिसांनी पुन्हा ओळ म्हटली, जरा मोठ्याने, जरा सावकाश. पुन्हा पुस्तक छातीला लागले तेव्हा एक शब्द उरला.

"घड्याळजी?"

"हा काय समोर."

"डॉक्टर, मास्तर... दोघे भाऊ... अहो, सगळे तर आहेत."

"जीभ घसरली असेल," मास्तर म्हणाले. "वयाचा गुण. मी हल्ली पाढे म्हणताना सातचा पाढा टाळतो."

हशा झाला आणि प्रार्थना सुरू झाली. आपली पाळी आली तेव्हा त्याने उभे राहून आईची प्रार्थना म्हटली. आमेन व्यवस्थित आले. वडिलांचे जरासे मागाहून आले, इतकेच.

घरी येऊन त्याने दुसरे चित्र, घड्याळजींचे, दोरीवरून उतरवले. पेन्सिल हातात घेतली आणि ठेवून दिली. शाई ओली आहे, असे त्याने स्वतःला सांगितले. शाई ओली नव्हती.

बुधवारी वडील गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले. तिथे पुठ्ठ्याचे टोकन देत. त्यावरचे आकडे वीस वर्षांपूर्वी त्यानेच आखून दिले होते, म्हाताऱ्या डोळ्यांना लांबून दिसावेत असे, जाड पोटाचे. वडिलांना चौदा मिळाला. टोकन पुकारणारी बाई तेरा म्हणाली, मग पंधरा म्हणाली.

"मी उठून गेलो तिच्यापाशी," रात्रीच्या जेवणाला वडील सांगत होते. "म्हटलं, बाई, चौदा राहिला. ती म्हणते, नाही राहिला आजोबा, सगळे झाले. म्हटलं, हे टोकन बघा. तिनं घेतलं, बघितलं, गठ्ठ्यात ठेवलं. थँक्यू म्हणाली वर."

"मग?"

"मग काय! दिवे मालवायला लागले तेव्हा आलो उठून." ते हसले. त्यांना ती गंमत वाटत होती. "चांगली वागली रे पण. दार धरून उभी राहिली माझ्यासाठी."

दुसऱ्या शनिवारी चित्रकाराने बाकावर बसायच्या ऐवजी बाजूच्या खांबापाशी उभे राहून पाहिले. पुस्तकाची कड डॉक्टरांकडे वळली. डॉक्टरांशेजारी वडील होते, वडिलांपलीकडे पाववाला. कड डॉक्टरांवरून निघाली आणि पाववाल्यावर आली. मध्ये थांबली नाही. अडखळली नाही, घाईही केली नाही. रिकाम्या जागेवरून जशी जावी तशी गेली. चिटणिसांच्या चेहऱ्यावर लबाडीची रेघही नव्हती. ते नेहमीसारखे ओठ हलवीत, एकाग्र, भाबडे दिसत होते.

वडील वर बघत होते. त्यांच्याही लक्षात आले. दुसऱ्याच्या घरी ताट वाढताना आपल्याला विसरले तर माणूस जसा हात मांडीवर घेऊन बसतो, तसे त्यांनी हात मांडीवर घेतले.

एक शब्द पुन्हा उरला. चिटणिसांनी या खेपेला वाद घातला नाही. घड्याळजींचा जावई चार दिवसांसाठी आला होता, दोन गल्ल्या पलीकडे झोपला होता. घड्याळजी स्वतः जाऊन त्याला उठवून घेऊन आले. जावई केस न विंचरता, डोळे चोळत येऊन टेकला. ओळ पुरी झाली. चिटणिसांनी सुटकेचा श्वास सोडला. "जमलं बुवा. दहा."

अकरा माणसे होती.

परतताना वडील त्याच्या दंडाला धरून चालत होते. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "झालं ना पण? तिचं झालं ना?"

"झालं बाबा."

"मग बरं. माझ्यावाचून झालं, पण झालं." दाराशी म्हणाले, "ती मात्र मला मोजायची हं. बाजारात दर चार पावलांवर मागे वळून बघायची, आहे का नाही."

त्या गुरुवारी त्यांनी बूट काढले नाहीत. गुडघा दुखतोय, म्हणाले. शनिवारी अंथरुणातून भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू जाऊन ये. जावई आहे ना अजून?"

जावई होता. नोकरी लागल्याने तो आता गावातच राहणार होता. दहा जमायची चिंता मिटली होती, आणि सगळ्या प्रार्थनागृहात जणू कोणाचेच काही कमी नव्हते. बाबा कसे आहेत, असे मात्र सगळ्यांनी आठवणीने विचारले. तेच तर त्याला कळेना. कोणी वडिलांना विसरले नव्हते. त्यांच्याशी बोलत, त्यांचा गुडघा विचारत, त्यांना हात देत. फक्त जिथे एक, दोन, तीन करायचे, तिथे ते नसत.

सोमवारी सकाळी त्याने चहा केला. पातेल्यातून कपात ओतला. खिडकीशी उभे राहून अर्धा प्यायल्यावर त्याने मागे पाहिले. वडील टेबलापाशी बसले होते. दोन्ही हात टेबलावर, समोर काही नाही. किती वेळ बसले होते कोण जाणे.

पातेले रिकामे होते. त्याने एकाचाच चहा टाकला होता.

"असू दे रे," वडील म्हणाले. "मला कुठं एवढी तलफ असते."

तेवीस वर्षे तो त्या घरात रोज सकाळी चहा करीत आला होता.

त्याने काम खाली ठेवले आणि वडिलांचे चित्र टेबलावर घेतले. कापसाचा मऊ कागद, त्यावर पेन्सिल दाबून चालवलेली. खोडरबराने आकडा सहज निघाला. पण दिवा आडवा धरला की कागदात तो तसाच दिसे, कोरल्यासारखा, बिनशाईचा. त्याने नखाने घासले. कागद ओला करून चमच्याच्या पाठीने तो खळगा दाबून बसवला. शेवटी ठोकळ्यावर पुन्हा शाई फिरवून नवाच छाप काढला, खाली काहीही न लिहिता. छाप सुरेख आला. जुना कागद त्याने फाडला नाही. वडिलांचा चेहरा फाडण्याइतका तो अजून धीट झाला नव्हता.

संध्याकाळी डॉक्टर आले. वडिलांच्या पलंगाशी बसून त्यांनी गुडघा हलवून पाहिला, दोन थट्टा केल्या, गोळ्या लिहून दिल्या. वडील हसले, चुरचुरीत उत्तर दिले. चित्रकार दारात उभा राहून ते ऐकत होता आणि त्याचा जीव हळूहळू भांड्यात पडत होता. निघताना डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थोपटले.

"प्रकृतीला जप," ते आपुलकीने म्हणाले. "एवढ्या घरात एकट्यानं राहणं सोपं नाही."

आतून वडिलांचे खोकणे ऐकू येत होते.

तो खाली आत्याकडे गेला. ती शेंगा निवडत बसली होती. त्याने सगळे सांगितले, टोकनापासून चहापर्यंत. तिने मध्ये एकदाही 'मी सांगत होते' म्हटले नाही, आणि त्यामुळेच तो जास्त घाबरला.

"आम्ही लहान होतो तेव्हा एक माणूस घरं मोजायला आला," ती म्हणाली. "सरकारी. सभ्य होता. दारातच आम्हाला ओळीनं उभं केलं, डोक्यावर टपली मारत मोजलं आणि दारावर खडूनं सात लिहिलं. आईनं पदर तोंडात धरला होता."

"मग?"

"मग काही नाही. पुढं सगळे म्हणायचे, तुम्ही सहा भावंडं. आई म्हणायची सहा. मीही सहाच म्हणते."

"आणि खरी किती होतात?"

आत्याने एक शेंग मोडली. "नावं घ्यायला लागले की सहाच आठवतात. पण झोपताना आम्ही सगळी एका रांगेत झोपायचो, आणि माझ्या डाव्या अंगाला ऊब असायची. माझ्या डावीकडं कोणी नव्हतं, असं म्हणतात."

तिने दुसरी शेंग उचलली.

"खोडून जात नाही का तो आकडा?"

"खोडून गेला असता तर आईनं सोडला असता? तिनं ते दार धुऊन धुऊन पांढरं केलं. नाही रे. एकदा लिहिला की त्याला टेकायला कोणीतरी लागतं."

तो उठला. आत्याने त्याचा हात धरला. तिची पकड कोवळ्या शेंगेसारखी ओलसर आणि गार होती.

"तुझ्या डोक्यात आत्ता काय आलं?"

"काही नाही."

"आईची शपथ घे."

"उगाच शपथा कशाला आत्या," तो म्हणाला, आणि हात सोडवून वर गेला.

दहावा ठोकळा कोराच होता. त्याने टेबलावर आरसा उभा केला. आरशात बघून स्वतःला थेट लाकडावर काढायचे. छापताना ते पुन्हा उलटते, आणि कागदावर आपण स्वतःला दिसतो तसे नव्हे, इतरांना दिसतो तसे उमटतो. ही युक्ती त्याला तरुणपणीच सापडली होती. त्या वेळी तो आपल्या छापाकडे बघून दचकला होता : हा माणूस लोकांमध्ये वावरतो, आणि आपली त्याच्याशी ओळख नाही.

चार दिवस त्याने कोरले. त्याची कोरणी कधी इतकी निमूट चालली नव्हती. कपाळाच्या आठ्या, नाकाची उतरण, डोळ्यांखालची थकलेली कातडी, सगळे एकामागून एक लाकडातून मोकळे झाले. शुक्रवारी दुपारी त्याने शाईचा रूळ फिरवला, ओलसर कागद अंथरला, चमच्याच्या पाठीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घासला आणि उचलला. पस्तीस वर्षांतला तो त्याचा सर्वांत चांगला छाप होता. हे त्याने कोरडेपणाने, एखाद्या परक्याचे काम पाहावे तसे, मनात नोंदवले.

त्याने पेन्सिलीला टोक केले आणि डाव्या कोपऱ्यात लिहिले : १/१०.

एकच आकडा दोघांवर बसत नाही. त्याच्या कामातला कोणीही हे सांगेल.

काही झाले नाही. शटरचा आवाज आला, तोच अर्ध्यावर अडणारा. त्याने हात धुतले.

बाहेर आला तेव्हा वडील खुर्चीत बसून बुटांना पॉलिश करीत होते.

"गुडघा?" त्याने विचारले.

वडील ब्रश मारत राहिले. गुणगुणत होते. आई गेल्यापासून ते गुणगुणले नव्हते. ते ऐकत तो पुन्हा काही विचारायचे विसरला.

शनिवारी त्याला जाग आली तेव्हा घर शांत होते. टेबलावर एक कप होता, प्यालेला, तळाशी पत्ती. पातेले धुऊन पालथे घातले होते. वडील पुढे निघून गेले होते.

तो भरभर चालत गेला. दार उघडेच होते. चिटणीस उभे होते, पुस्तक फिरत होते. तो बाकांपर्यंत न जाता दाराशीच थांबला.

घड्याळजी. जावई. दोघे भाऊ. डॉक्टर.

कड डॉक्टरांवरून निघाली आणि वडिलांवर थांबली.

चांगली थांबली. वडिलांनी मान किंचित झुकवली, शाळेतल्या मुलाने 'हजर' म्हणावे तशी. मग पाववाला, मग पुढचे, मग चिटणिसांची छाती. ओळ पुरी झाली. एकही शब्द उरला नाही.

"दहा," चिटणीस म्हणाले.

दाराशी तो होता. त्याने हात अर्धा वर केला आणि खाली घेतला.

प्रार्थना चालली. आईच्या प्रार्थनेची जागा आली. त्याने घसा साफ केला.

"आज कोण म्हणणार?" चिटणिसांनी विचारले.

वडील उठून उभे राहिले. गुडघा मुळीच दुखत नसल्यासारखे, ताठ. "मीच म्हणतो," ते म्हणाले. "तिचं दुसरं कोण आहे?"

त्यांनी प्रार्थना म्हटली. आवाज स्वच्छ होता. दाराशी उभा राहून तोही म्हणत होता, शब्दाला शब्द. आमेन आले, आणि ते सगळे वडिलांकडे वळून आले.

वडिलांचा चेहरा उजळला होता. त्याला तेच हवे होते. हे त्याने स्वतःला दोनदा सांगितले.

मग वरून शुक् शुक् ऐकू आले.

आत्या बायकांच्या सज्जाच्या कठड्यावरून वाकून त्याच्याकडे बघत होती. थेट त्याच्याकडे. तिने मान हलवून जिना दाखवला.

पुरुष त्या जिन्याने कधी चढत नाहीत. तो चढला. कोणी अडवले नाही, कोणी वर पाहिलेही नाही. सज्जात पुढचा एक बाक तेवढा होता. मागचे बाक लाकूडवाल्याने कित्येक वर्षांपूर्वी उचलून नेले होते. त्यांच्या पायांचे चौकोनी डाग फरशीवर अजून दिसत, आणि त्यापलीकडे चुना पडलेली भिंत.

"शपथ घेतली नाहीस तेव्हाच ओळखलं मी," आत्या पुटपुटली. तिचे डोळे लाल होते. तिने बाकावर सरकून जागा केली. "बस. बाप बघ कसा टवटवीत दिसतोय."

तो बसला. खाली वडील पाववाल्याच्या कानात काहीतरी सांगत होते आणि दोघे हसत होते. नीट दिसावे म्हणून तो कठड्यावर हात टेकून अर्धवट उठला.

आत्याने त्याची बाही धरून हलकेच ओढली.

"जरा वाकून बस," ती मागे न वळता, हळू आवाजात म्हणाली. "मागच्यांना दिसत नाही."